पॉपस्टारवरचा उपहासपट आणि गाण्यांचे कागद : शीर्षकनोंदणीपासून सेन्सॉर प्रमाणपत्रापर्यंत

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस आमच्या मराठी चित्रपटाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र मिळाले. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याचे भोपळे घासणाऱ्या कारागिराचा मुलगा एका हुक लाइनमुळे, म्हणजे ऐकताच ओठांवर बसणाऱ्या ओळीमुळे, रातोरात पॉपस्टार होतो, म्युझिक कंपनी त्याचे नाव, चेहरा आणि शेवटी आवाजही करारात बांधून घेते, आणि तो घरी बसलेला असताना त्याच्या आवाजातली नवी गाणी बाजारात येत राहतात, असे त्याचे कथानक आहे. चित्रपट उपहासात्मक आहे आणि त्याचा रोख गायकावर नसून त्याला माल समजणाऱ्या व्यवस्थेवर आहे. जानेवारी २०२४ मध्ये आम्ही कामाला लागलो तेव्हा चित्रीकरणाविषयी सल्ला देणारी माणसे पुष्कळ भेटली, परंतु गाण्यांसाठी कोणता कागद कोणाकडून आणि केव्हा घ्यायचा हे सलग सांगणारे कोणी भेटले नाही. ज्याला त्याला आपापल्या टप्प्यापुरते ठाऊक होते. निर्माती या नात्याने हा सगळा व्यवहार माझ्याकडे होता, म्हणून तो झाला त्या क्रमाने येथे मांडत आहे.

एक गोष्ट आधीच सांगणे आवश्यक आहे. इतर चित्रपटांत एखाद्या गाण्याची परवानगी मिळाली नाही, तर संकलनाच्या वेळी दुसरे गाणे बसवता येते. संगीत व्यवसायावरच्या उपहासात गाणे हाच प्रसंग असतो. नायक कोणते गाणे गातो, ते कसे बिघडवले जाते आणि त्यावर कोणाचे नाव लागते, यातच सगळा विनोद असतो. त्यामुळे गाण्यांच्या हक्कांचे काम पटकथा कायम होण्यापूर्वी सुरू करावे लागते, आणि या कामासाठी वेगळा पैसा व किमान सहा महिने बाजूला ठेवावे लागतात.

पहिला टप्पा शीर्षकनोंदणीचा होता. मराठी चित्रपटाचे शीर्षक अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे नोंदवता येते. त्याचे मुख्य कार्यालय कोल्हापूरला आहे. निर्मात्यांच्या इतर मान्यताप्राप्त संस्थाही नोंदणी करतात. सभासदत्व, अर्ज आणि पर्यायी शीर्षके असा तो साधा व्यवहार आहे, परंतु सेन्सॉरच्या अर्जाबरोबर शीर्षकनोंदणीचे पत्र लागत असल्यामुळे तो पुढे ढकलू नये. निर्मितीसंस्थेचे नाव सगळ्या कागदांवर एकाच पद्धतीने, अगदी ‘प्रॉडक्शन’ आणि ‘प्रॉडक्शन्स’ यांतला फरकही न होता लिहिले जाईल, याची दक्षता याच वेळी घ्यावी. बँक, जीएसटी, करार आणि सेन्सॉर या साऱ्या ठिकाणी हेच नाव जुळवून पाहिले जाते.

खरी दमछाक फेब्रुवारीपासून सुरू झाली. पटकथेच्या पहिल्या खर्ड्यात नायक एका जुन्या मराठी चित्रपटगीताचा मुखडा रिमिक्स करून प्रसिद्ध होतो असे होते. गाणे साठच्या दशकातले होते. ध्वनिमुद्रिकेचा कॉपीराइट ती प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो, त्यामुळे काही जाणकारांनी ‘आता ते खुले झाले असेल’ असे सांगितले. ते अर्धेच खरे होते. एका गाण्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात : शब्द, चाल आणि मुद्रण. मुद्रणाची मुदत संपली तरी शब्दांची मुदत गीतकाराच्या आणि चालीची मुदत संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत चालते. आमच्या गाण्याचे संगीतकार ऐंशीच्या दशकापर्यंत हयात होते, म्हणजे चाल अजून बरीच वर्षे संरक्षित राहणार होती.

मग मालक शोधणे आले. चित्रपटगीतांच्या बाबतीत हा प्रश्न गुंतागुंतीचा आहे, कारण इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी म्हणजे आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था एका बाजूला आणि चित्रपट निर्माते दुसऱ्या बाजूला असलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये असा निर्णय दिला होता की, निर्मात्याने मोबदला देऊन करून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच असतो. निर्मात्यांनी ते हक्क पुढे म्युझिक कंपन्यांना दिले. त्यामुळे आमच्या गाण्याचे शब्द आणि चाल दोन्ही एका कंपनीकडे होते, आणि ज्यांनी ती निर्माण केली त्यांच्या घरच्यांकडे परवानगी देण्याचा अधिकार उरलेला नव्हता. परवानगीसाठी कायद्याने आवश्यक नसतानाही आम्ही गीतकारांच्या मुलीला भेटून आलो. त्या म्हणाल्या, “अहो, दादांचं गाणं अजून वरातीत वाजतं, तुम्ही ते मोडूनतोडून वापरा की सरळ वापरा, मला राग नाही. पण पडद्यावर त्यांचं नाव तेवढं लावा.” हे वाक्य पुढच्या प्रत्येक कराराच्या वेळी माझ्या मनात होते.

कंपनीकडे पाठवायच्या विनंतीत काय असावे, हे आम्ही दोन खर्ड्यांनंतर शिकलो. गाण्याचा नेमका कोणता भाग, किती सेकंद, कोणत्या प्रसंगात, शब्द बदलणार का, पात्र ओठ हलवून गाणार की पार्श्वभूमीला वाजणार, कोणत्या प्रदेशांसाठी, किती वर्षांसाठी, चित्रपटगृह, दूरचित्रवाणी आणि ओटीटी यांपैकी कोणत्या माध्यमांसाठी, ट्रेलरमध्येही वापरणार का, हे सारे पहिल्याच पत्रात असेल तर किमान एक फेरी वाचते. गाणे चित्राला जोडून वापरण्याच्या या परवान्याला व्यवसायात सिंक लायसन्स म्हणतात, आणि मूळ मुद्रणही वापरायचे असेल तर मास्टरचा परवाना वेगळा लागतो. उत्तर मे महिन्याच्या मध्यावर आले. चाळीस सेकंदांसाठी, पाच वर्षांच्या मुदतीने, आठ लाख रुपये आणि त्यावर कर, अशी ती रक्कम होती. आमच्या साऱ्या पार्श्वसंगीताचे अंदाजपत्रक त्याहून कमी होते. शिवाय शब्दांत बदल करायचा नाही आणि गाणे ‘उपहासास्पद संदर्भात’ दाखवायचे नाही, अशी अट होती. कंपनीला तो अधिकार आहे, हे मान्यच आहे. मात्र या अटीवर आमचा प्रसंगच उरत नव्हता.

या काळात दोन सल्ले वारंवार मिळाले. त्या दोन्हींविषयी लिहिते, कारण ते पुढच्यांनाही मिळतील. पहिला असा, की पाच वर्षांपेक्षा जुन्या गाण्याचे कव्हर व्हर्जन कोणालाही करता येते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-सी मध्ये तशी तरतूद खरोखर आहे : मूळ मुद्रण ज्या वर्षी झाले त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांनी, आगाऊ सूचना देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून नवे ध्वनिमुद्रण काढता येते. परंतु ही मुभा केवळ ध्वनिमुद्रणापुरती आहे. ते चित्राला जोडून चित्रपटात वापरण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. दुसरा सल्ला असा, की विडंबनाला परवानगी लागत नाही. आपल्या कायद्यात विडंबन या नावाची स्वतंत्र सूट नाही. कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षेसाठी न्याय्य वापराची सूट आहे, आणि १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाला त्याच आधारावर संरक्षण दिले होते. आमच्या वकीलबाईंनी मात्र भेद स्पष्ट करून सांगितला. त्या प्रतिनाटकाने मूळ नाटकावरच टीका केली होती. तुम्ही त्या गाण्यावर टीका करीत नाही, त्या गाण्याच्या आधारे व्यवसायावर टीका करता. न्यायालयात हा बचाव उभा राहील, पण तोवर प्रदर्शनाची तारीख उभी राहणार नाही.

संपूर्ण पटकथा वाचून लेखी मत देण्यासाठी त्यांनी पंचेचाळीस हजार रुपये घेतले. चित्रपटाच्या एकूण खर्चातला हा सर्वांत उपयोगी पडलेला खर्च होता, असे मी विचारपूर्वक म्हणते. खऱ्या गायकांशी पात्रांचे साम्य, हा त्या मताचा दुसरा भाग होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये दलेर मेहंदी यांच्या कंपनीच्या दाव्यात त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या आणि त्यांच्या गाण्याची ओळ म्हणणाऱ्या बाहुल्यांची विक्री रोखली होती. त्याच निकालात व्यंगचित्र, टवाळी आणि विडंबन यांनी प्रसिद्ध व्यक्तीच्या हक्काचा भंग होईलच असे नाही, असेही म्हटले होते. म्हणजे प्रसिद्ध व्यक्तीची नक्कल विकणे निराळे आणि तिच्या प्रसिद्धीवर भाष्य करणे निराळे. दरम्यान जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली नक्कल थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला. आमच्या नायकावर तीच आपत्ती येते, त्यामुळे हा आदेश आम्ही काळजीपूर्वक वाचला, आणि पडद्यावरचा ‘यंत्राने बनवलेला’ आवाज कोणत्याही खऱ्या गायकाच्या आवाजावरून न घेता आमच्याच गायकाचे मुद्रण बदलून तयार करायचे ठरवले. त्याची लेखी संमती घेतली. आवाजाचा वापर याच चित्रपटापुरता राहील, असे त्या संमतीपत्रात स्पष्ट लिहिले.

जुने गाणे सोडल्यानंतर महिनाभर पटकथा अडली. मार्ग सुचवला तो आमच्या संगीत दिग्दर्शकाने, आणि तो मिरजेच्या कथेला मूळ गाण्यापेक्षा अधिक शोभणारा होता : नाट्यपद घ्यावे. ‘संगीत मानापमान’ १९११ मध्ये रंगभूमीवर आले. पदे लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये आणि चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये निवर्तले. म्हणजे शब्द २००९ च्या आरंभी आणि चाली २०१६ च्या आरंभी खुल्या झाल्या. ‘चंद्रिका ही जणू’ हे पद आम्ही निवडले आणि ते नव्याने गाऊन घेतले, त्यामुळे मुद्रणही आमचेच झाले. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गेल्या काही दशकांत जुन्या पदांची नवी संगीतसंयोजने झाली आहेत आणि ती स्वतंत्रपणे संरक्षित असू शकतात. म्हणून आम्ही शब्द नाटकाच्या जुन्या छापील प्रतीवरून आणि चाल परंपरेने शिकवणाऱ्या गुरूंकडून घेतली, आणि त्याची टिपणे फाइलमध्ये ठेवली.

कायद्याने मोकळीक असली तरी मनात धाकधूक होतीच. घराघरांत ज्या पदावर श्रद्धा आहे ते ऑटो-ट्यूनमधून, म्हणजे आवाजाचा सूर बदलणाऱ्या यंत्रणेतून, काढून त्याखाली ठेका घालायचा, हे प्रेक्षकांना कसे वाटेल? शिवाय लेखकाचा नैतिक हक्क, म्हणजे कृतीवर नाव असण्याचा आणि तिचा विपर्यास होऊ न देण्याचा हक्क, कॉपीराइटहून वेगळा असतो, आणि कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर विपर्यासाविरुद्धचा हक्क कॉपीराइटच्या मुदतीपुरता मर्यादित राहिलेला नाही. म्हणून प्रसंगाची रचना आम्ही बदलली. पद आधी पूर्ण सन्मानाने, तंबोऱ्यावर, नायकाच्या वडिलांच्या तोंडी येते. नंतर कंपनीच्या बैठकीत त्याचे तुकडे पडताना दिसतात, आणि प्रेक्षकाला ते तुकडे टोचावेत अशी योजना आहे. खाडिलकर आणि टेंबे यांची नावे श्रेयनामावलीत गाण्याच्या शेजारी मोठ्या अक्षरांत दिली. जुन्या गाण्याची परवानगी मिळाली असती तर हा प्रसंग लिहिलाच गेला नसता, आणि तो आता चित्रपटातला सर्वांत चांगला प्रसंग आहे असे मला वाटते.

जून आणि जुलै हे दोन महिने स्वतःच्या गाण्यांच्या करारांत गेले. बाजारात फिरणारा गीतकाराच्या कराराचा एक ठरीव मसुदा आमच्याकडे आला. त्यात एकरकमी मोबदल्याच्या बदल्यात ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे’ आणि रॉयल्टीवरचा दावा सोडल्याचे कलम होते. आमच्या चित्रपटातील खलनायक नायकाकडून जवळजवळ याच शब्दांत सही घेतो. २०१२ च्या दुरुस्तीनुसार चित्रपटातील गाण्याचा गीतकार आणि संगीतकार, चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर होणारे सादरीकरण वगळता, इतर प्रत्येक वापराच्या रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडूच शकत नाही. वारस किंवा कॉपीराइट संस्था यांखेरीज कोणाच्या नावे करू शकत नाही. असे कलम लिहिले तरी ते टिकत नाही. आम्ही ते काढले आणि उलट कलम घातले. करारात आणखी तीन गोष्टी स्वच्छ लिहाव्यात : मुदत, प्रदेश आणि माध्यमे. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरतो, आणि ज्या माध्यमाचा उल्लेख नाही व जे करार करताना व्यवहारात नव्हते, ते हस्तांतरित होत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा करारांना शंभर रुपयांचा मुद्रांक चालत नाही, पाचशेचा लागतो. आमचे उशिरा झालेले वादकांचे करार त्या दराने झाले. आमचा गीतकार तरुण आहे आणि आयपीआरएसचा सभासद नव्हता. त्याचा सभासदत्वाचा अर्ज आम्ही करारावर सही झाली त्याच आठवड्यात त्याच्याबरोबर बसून भरला, कारण सभासदत्व आणि गाण्याची नोंद नसेल तर त्याच्या वाट्याचे पैसे त्याच्यापर्यंत पोहोचण्यास मार्ग राहत नाही.

चित्रीकरणापूर्वीचे दोन कागद विसरले जातात. नायकाच्या म्युझिक व्हिडिओत पांढरा घोडा आहे. प्राण्याचे चित्रीकरण करण्यापूर्वी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आणि नंतर त्याच मंडळाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. कार्यालय हरियाणात बल्लभगडला आहे. पशुवैद्यकाचे दाखले, प्राण्याच्या मालकाची कागदपत्रे आणि चित्रीकरणाची नेमकी तारीख व स्थळ यांची जुळणी करण्यास वेळ लागतो. म्हणून घोडा कथेला खरोखर हवा आहे का, हे लेखनाच्याच वेळी विचारावे. दुसरी बाब धूम्रपानाची. व्यवस्थापकाच्या हातात सिगारेट असेल तर ती का आवश्यक आहे याचे लेखी स्पष्टीकरण, चित्रपटाच्या आरंभी आणि मध्यात तीस सेकंदांचा आरोग्यविषयक स्पॉट व वीस सेकंदांचे निवेदन, आणि सिगारेट दिसेल तेव्हा खाली इशारा, एवढे सारे येते. आम्ही सिगारेट काढली आणि त्याच्या हातात सतत वाजणारा फोन दिला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मिरज, सांगली आणि मुंबई येथे चित्रीकरण झाले. त्याविषयी वेगळे लिहिण्यासारखे फार नाही. संकलन सुरू झाल्यावर मात्र क्यू शीट ठेवण्यास आरंभ करावा. चित्रपटात वाजणारा प्रत्येक संगीताचा तुकडा कोठे सुरू होतो, कोठे संपतो, गीतकार-संगीतकार कोण, मुद्रण कोणाचे आणि परवान्याचा कागद कोणता, याची ती यादी असते. आमच्या चित्रपटात दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धा, मोबाइलच्या रिंगटोन, रिक्षातला रेडिओ असे बारीकसारीक तुकडे पुष्कळ होते. ते सगळे आमच्या संगीतकाराने नव्याने केले. ओटीटी कंपन्यांनी बोलणी सुरू होताच पहिल्याप्रथम हीच यादी मागितली.

जुलै २०२५ च्या आरंभी सेन्सॉरचा अर्ज भरला. तो ई-सिनेप्रमाण या संकेतस्थळावर भरावा लागतो. कथासार, संपूर्ण श्रेयनामावली, संवाद, सर्व गाण्यांचे शब्द, शीर्षकनोंदणीचे पत्र, घोड्याचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि लांबीनुसार शुल्क असा तो संच होता. इंग्रजी उपशीर्षके आधीच चित्रात बसवली होती, कारण प्रमाणपत्र मिळाल्यानंतर चित्रात केलेला बदल मंडळाला कळवून मान्य करून घ्यावा लागतो. चित्रपटगृहात दाखवायच्या ट्रेलरला स्वतंत्र प्रमाणपत्र लागते. तो अर्जही त्याच वेळी केला. छाननीत दोन त्रुटी निघाल्या, त्यांतील एक पदाच्या शब्दांविषयी होती : ते कोणाचे आहेत, असा प्रश्न होता. फाइलमधली टिपणे तेथे उपयोगी पडली.

परीक्षण समितीच्या खेळाला अर्जदाराला आत बसता येत नाही. सल्लागार मंडळाचे सदस्य आणि परीक्षण अधिकारी चित्रपट पाहतात, आपापसांत चर्चा करतात आणि मग दिग्दर्शक-निर्मात्याला बोलावतात. बाहेर बसलेल्या त्या वेळात दिग्दर्शक आणि मी एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. आत मात्र चर्चा मोकळेपणाने झाली. पुरस्कार सोहळ्याचा प्रसंग कोणत्या खऱ्या सोहळ्यावर आहे का, असे विचारण्यात आले. आम्ही पटकथेचा खर्डा आणि वकिलांचे मत दाखवले. तीन सूचना आल्या. पात्रे काल्पनिक असल्याचे निवेदन लिखित आणि ध्वनिरूपातही द्यावे, नशेच्या प्रसंगाखाली इशारा द्यावा, आणि एका गाण्याच्या ध्रुवपदातला अपशब्द काढावा. शेवटची सूचना अवघड असते, कारण ध्रुवपद चार वेळा येते आणि शब्द मूक केला की ठेका लंगडा होतो. आम्ही ध्वनिमुद्रणाच्या वेळीच त्या ओळीचा सौम्य पर्याय गाऊन घेतला होता, म्हणून काम एका दिवसात झाले. ज्या ओळीविषयी शंका असेल, तिचा दुसरा टेक गायक स्टुडिओत असतानाच घ्यावा. नंतर तो पुष्कळ महाग पडतो.

चित्रपट कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए श्रेणीचे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या चित्रपटांच्या श्रेणीचे, ७+, १३+ आणि १६+ असे वयानुसार तीन भाग झाले आहेत. आम्हाला यूए १३+ मिळाले. निर्णय मान्य नसता तर पुनरीक्षण समितीकडे जाता आले असते. त्यानंतरचे अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झाल्यामुळे पुढचा मार्ग थेट उच्च न्यायालयाचा आहे. छोट्या निर्मात्याने हा खर्च आणि वेळ आधी मोजावा. सूचनांप्रमाणे बदललेले भाग सादर केल्यावर तीनच आठवड्यांत प्रमाणपत्र आले. आता ते कायमस्वरूपी वैध असते.

सध्या क्यू शीटच्या अंतिम प्रतीवरून प्रत्येक गाण्याची आणि पार्श्वसंगीताची नोंद आयपीआरएसकडे करण्याचे काम चालू आहे. गीतकाराचे सभासदत्व मंजूर झाले आहे. परदेशातील दोन मराठी मंडळांनी खेळाविषयी विचारणा केली आहे; आमच्या सर्व संगीतकरारांत प्रदेश म्हणून ‘संपूर्ण जग’ लिहिलेले असल्यामुळे त्यांना होकार कळवता आला. कोणाला करारातील रॉयल्टीच्या कलमाचा मराठी मसुदा हवा असल्यास वकीलबाईंच्या संमतीने तो मी देऊ शकेन, मात्र तो आपापल्या वकिलांकडून तपासून घ्यावा.